बॉल पायथन खात नसेल तर: आधी वजनकाटा, मग थर्मामीटर, सगळ्यात शेवटी उंदीर

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळींपैकी पाच-सहा घरांत आता बॉल पायथन जातीचे पाळीव साप आहेत. मुलांच्या हट्टापायी आणलेले, आणि पुढे आईवडिलांचाही जीव जडलेले. दर हिवाळ्यात मला यांतल्या कुणाचा तरी फोन येतो. "तीन आठवडे झाले हो, तोंडच लावत नाही. काय करू?"

मी दोनच गोष्टी विचारते. साप आणला तेव्हापासून आजपर्यंत वजन किती बदललं? आणि पेटीच्या गरम बाजूला, साप बसतो नेमक्या त्याच जागी, तापमान किती आहे? बहुतेकदा दोन्हीचं उत्तर नसतं. पण तोवर खायला द्यायच्या गोठवलेल्या उंदराचा आकार दोनदा बदललेला असतो, साप तीनदा दुसऱ्या डब्यात हलवून झालेला असतो आणि रोज रात्री त्याच्या नाकासमोर काहीतरी नाचवलेलं असतं. साप घाबरतो, आणखी खात नाही. घरचे घाबरतात, आणखी प्रयत्न करतात.

उपाय बहुतेकांना माहीत असतात. चुकतो तो त्यांचा क्रम. म्हणून खाली पायऱ्या क्रमानेच दिल्या आहेत. एक पूर्ण झाल्याशिवाय पुढची घेऊ नका.

हे सगळं बॉल पायथनबद्दल आहे. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाने महिनाभर खाणं सोडलं तर मी जास्त लवकर काळजी करेन, कारण तो सहसा खादाड असतो. बॉल पायथन मात्र पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत बिळांत आणि वारुळांत राहणारा साप आहे. बरेच दिवस न खाता काढणं त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे.

भारतात हे वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आधीच. धामण, दिवड, अजगर असे आपले साप घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. असा साप सापडला तर त्याला खाऊ घालायच्या फंदात न पडता वनविभागाला कळवा, महाराष्ट्रात १९२६ हा क्रमांक आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांची नोंदणी कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाली आहे. ती केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. नोंदणी नसेल तर आधी ते काम करा.

## पायरी १: आज काहीही देऊ नका, वजन करा

स्वयंपाकघरात असतो तसा डिजिटल वजनकाटा घ्या, पण सापासाठी वेगळा. झाकणाचा प्लास्टिकचा डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, साप डब्यात ठेवा, झाकण लावा, आकडा लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

एक वही करा. तारीख, वजन, दिलेल्या उंदराचं वजन, खाल्लं की नाही, विष्ठा कधी केली, कात कधी टाकली, दोन्ही टोकांचं तापमान. फोनमध्ये नोंद केली तरी चालेल, पण मला वहीच बरी वाटते, कारण ती पेटीवरच राहते आणि घरातला कुणीही लिहू शकतो.

पुढे वजन आठवड्यातून एकदाच करा. रोज नको. प्रत्येक वेळी उचलणं म्हणजे सापाला एक धक्का असतो.

एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. मोठा साप बऱ्याच दिवसांनी विष्ठा आणि युरेट (लघवीचा घट्ट पांढरा भाग) टाकतो तेव्हा एका रात्रीत पन्नास ग्रॅम किंवा त्याहून जास्त कमी होऊ शकतात. तीन-चार नोंदींचा कल बघा.

माझा नर मागच्या हिवाळ्यात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जेवला नाही. सुरुवातीला वजन १,४२० ग्रॅम होतं, शेवटी १,३६५. साडेचार महिन्यांत चार टक्केही घटलं नाही. वही नसती तर मी जानेवारीतच धीर सोडला असता.

तपासा: उपास सुरू झाला तेव्हाच्या वजनातून १० टक्के वजा करून तो आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. ८०० ग्रॅमच्या सापासाठी तो ७२० आहे. वजन तिथवर आलं की बाकीच्या पायऱ्या बाजूला ठेवून थेट पायरी ८.

## पायरी २: हा उपास आहे की आजार, हे ठरवा

न खाण्याची नेहमीची, निरुपद्रवी कारणं आधी बघून घ्या.

कात टाकायची वेळ आली असेल. पोट गुलाबीसर दिसतं, रंग फिका पडतो, डोळे दुधाळ निळे होतात. या काळात त्याला नीट दिसत नाही आणि बहुतेक साप खात नाहीत. कात पूर्ण निघाली की आणखी दोन-तीन दिवस जाऊ द्या. कात टाकल्यानंतरचं पहिलं जेवण सहसा चुकत नाही, ही माझ्या अनुभवातली सगळ्यात भरवशाची संधी.

नर प्रौढ झाला असेल आणि हिवाळा असेल, तर त्याचं लक्ष मादीकडे असतं, घरात मादी नसली तरीही. मादी अंड्यांवर आली असेल तर तीही खाणं सोडते.

साप नुकताच आणला असेल. नवी पेटी, नवे वास, वर घरातल्या प्रत्येकाने हातात घेऊन काढलेले फोटो. अशा सापाने पहिले दोन-तीन आठवडे काही न खाणं अगदी स्वाभाविक आहे.

आणि कधीकधी तो फक्त पोट भरलेला असतो. बरेच पाळणारे प्रौढ सापाला पिल्लाच्या वेळापत्रकाने खायला घालतात. पिल्लाला साधारण आठवड्याला एकदा, वाढत्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी, प्रौढाला तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरतं. दर आठवड्याला मोठा रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) मिळणारा दोन किलोचा साप महिनाभर थांबला तर तो शहाणपणाच करतो आहे.

वय मात्र विसरू नका. प्रौढ साप महिने काढतो. २०० ग्रॅमच्या आतल्या पिल्लाकडे तेवढी शिल्लक नसते. पिल्लाने चार-पाच आठवडे काही खाल्लं नसेल, तर वजन स्थिर दिसत असलं तरी डॉक्टरांना फोन करा.

सावधान: यातलं काहीही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यांचा आवाज. नाकातोंडातून फेस, तोंड उघडं ठेवून श्वास. हिरड्यांवर लाली, पू किंवा चीजसारखा पांढरा थर. डोकं वर आभाळाकडे वळणं, अंग पलटलं तर सरळ होता न येणं. पाठीचा कणा वर आलेला, कातडीला सैल घड्या. खाल्लेलं पुन्हा पुन्हा ओकणं. पोटात एकाच जागी टणक फुगवटा.

खवल्यांच्या फटींत, हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला काळे बारीक ठिपके चालताना दिसले किंवा साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहिला तर गोचिडांसारखे माइट्स असण्याची शक्यता मोठी. पांढऱ्या टिश्यूवर सापाला सावकाश सरकू द्या आणि टिश्यू बघा.

## पायरी ३: तापमान मोजा, अंदाज करू नका

माझ्या मते निम्म्याहून जास्त घरांत दुखणं इथेच असतं.

साप स्वतःचं अंग तापवू शकत नाही. पोटातलं अन्न पचेल एवढी ऊब मिळणार नसेल तर तो खातच नाही, आणि ते योग्यच आहे, कारण थंडीत गिळलेलं पोटात सडतं. बॉल पायथनला गरम टोकाला बसायच्या जागी ३१ ते ३३ अंश सेल्सियस हवं, थंड टोकाला २५ ते २७. रात्री पेटीचा कुठलाही भाग २४ च्या खाली जाऊ नये.

काचेवर चिकटवायचे गोल घड्याळासारखे तापमापक फेकून द्या. ते काचेचं किंवा वरच्या हवेचं तापमान दाखवतात, साप तर खाली बसलेला असतो. वायरच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या. एक सेन्सर गरम बाजूच्या ढोलीत (सापाच्या लपायच्या आडोशात), जमिनीला टेकून. दुसरा थंड बाजूच्या ढोलीत, तसाच.

मग दोन दिवस चार वेळा वाचा: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, आणि शक्य असेल तर पहाटे चार. इंग्लंडमधल्या घरांचा घोळ पहाटे कळतो. रात्री साडेदहाला सेंट्रल हीटिंग बंद होतं, जानेवारीत पहाटेपर्यंत बैठकीची खोली १५-१६ वर येते आणि बिचारी छोटी हीट मॅट (पेटीच्या तळाची विजेवर तापणारी चटई) एकटी झुंजत राहते. दुपारी बघितलं तर सगळं उत्तम.

ओळखीच्या एका घरी नऊ महिन्यांचं पिल्लू सात आठवडे खात नव्हतं. मॅट चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटवर ३२ आकडा होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. मी ढोलीखाली हात घातला तर गार. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटवरून निसटून थेट दिव्याखाली पडला होता. तिथली हवा तापली की मॅट बंद होत होती. सेन्सर जागेवर चिकटवला, आठवडाभर पेटीला हात लावला नाही, आणि आठव्या दिवशी पिल्लाने पहिल्याच झटक्यात उंदीर घेतला. उंदीर तोच होता, फ्रीजरमधल्या त्याच डब्यातला.

उलटंही होतं. थर्मोस्टॅटशिवाय लावलेली मॅट ४५ अंशांच्या पलीकडे जाऊ शकते. भुसा बाजूला सारून साप थेट काचेवर बसला की पोट भाजतं. पोटाखालच्या खवल्यांवर तपकिरी डाग, लाली किंवा फोड आहेत का, हे वजन करताना डब्याच्या तळातून बघून घ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर पेटी गार कशी ठेवायची हाच प्रश्न असतो. सगळी पेटीच ३५ च्या वर गेली तर साप खाणार नाहीच, जिवालाही धोका. तिथे मॅट बंद करा आणि पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवा.

तपासा: ४८ तासांच्या सगळ्या नोंदी वर दिलेल्या मर्यादेत आल्या का? नसतील तर त्या आधी आणा. तोवर फ्रीजरला हात लावू नका.

## पायरी ४: पेटीत त्याला सुरक्षित वाटेल असं करा

ढोल्या दोन हव्यात, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. एकच असेल तर सापाला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो आडोसा निवडतो. मग गार पडून राहतो.

ढोली प्रशस्त नको. वेटोळं घालून बसल्यावर अंग तिन्ही बाजूंनी भिंतीला टेकलं पाहिजे. दुकानातली सुंदर, मोठी, कवटीच्या आकाराची ढोली लहान सापाला मोकळ्या मैदानासारखी वाटते. दार कापलेला पुठ्ठ्याचा खोका त्यापेक्षा खूप चांगला. पेटी काचेची असेल तर तीन बाजूंना बाहेरून जाड कागद लावा. मधल्या मोकळ्या जागेत खोटी पानं, कागदाच्या नळ्या, झाडाची साल टाका.

ओलावा ५५ ते ६५ टक्के, कात टाकताना ७० पर्यंत. हिवाळ्यात रेडिएटर चालू असले की हवा कोरडी होते. नारळाच्या काथ्याचा थर जाड करा आणि पाण्याचं भांडं मोठं ठेवा. पाणी रोज बदला. उपाशी साप खात नसला तरी पीत असतो, आणि पाणी थांबलं तर उपास फार लवकर अंगावर येतो.

पेटी कुठे ठेवली आहे तेही बघा. टीव्हीशेजारी, वॉशिंग मशीनच्या भिंतीला लागून, मांजर बाहेरून काचेला नाक लावते अशा जागी साप खात नाही.

## पायरी ५: दहा दिवस शांतता

तापमान आणि ढोल्या नीट झाल्या की आठवड्याचं वजन सोडलं तर सलग दहा दिवस त्याला उचलायचं नाही. पाणी बदला, घाण काढा, दार लावा. पाहुण्यांना दाखवायचं नाही. मुलांना हे कठीण जातं. आमच्याकडे पेटीवर कॅलेंडर लावलं होतं आणि मुलगी रोज एक दिवस खोडायची.

याच दहा दिवसांत, ज्यांच्याकडून साप घेतला त्यांना विचारा: शेवटचं काय खाल्लं होतं? माऊस (छोट्या जातीचा उंदीर) की रॅट? जिवंत, ताजा मारलेला की गोठवलेला? किती वजनाचा? लहानपणापासून माऊसवर वाढलेल्या सापाला रॅट हे अन्न आहे असं वाटतच नाही. हा एक प्रश्न साप आणतानाच विचारला असता तर मला आलेले कितीतरी फोन आलेच नसते.

आणि गावाकडच्या प्रेमळ सल्ल्यांबद्दल: दूध देऊ नका. नागपंचमीचा भाव मनात असू द्या, पण सापाला दूध पचत नाही, त्याने पोट बिघडतं. अंडं, चिकनचा तुकडा, खिमा हेही नको. या सापाला अख्खं भक्ष्यच हवं. हाडं, कातडी, आतडी सगळ्यासकट.

## पायरी ६: उंदीर नीट तयार करा

आकार. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, त्याहून जास्त नाही. वजनाने बघायचं तर वाढत्या सापाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, प्रौढाला ५ ते ७ टक्के. उपास सोडवताना याच्याही निम्म्यावर या. लहान घास आधी, मोठा नंतर.

गोठण काढणं. आदल्या रात्री उंदीर बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. घरात शाकाहारी माणसं असतील, सासूबाई आल्या असतील, तर हे फ्रिजमध्ये नको वाटणं मी समजू शकते. मग बंद पिशवी गार पाण्याच्या बादलीत ठेवा. लहान उंदराला तासाभरात, मोठ्या रॅटला दोन-तीन तासांत जमतं. बादली न्हाणीघरात ठेवा, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. चिमटा, डबा, बादली सगळं वेगळं ठेवा, नंतर साबणाने हात धुवा आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांना या कामापासून आणि सापापासूनही दूर ठेवा.

ऊब. गोठण पूर्ण निघाली की पिशवी नळाच्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंशांत, १५-२० मिनिटं. पोट दाबून बघा: मऊ लागलं पाहिजे, आत गार गोळा जाणवता कामा नये. मग कोरडं पुसा. ओला उंदीर पुष्कळ साप नाकारतात.

मायक्रोवेव्ह कधीही नाही. बाहेरून शिजतो, आतून गोठलेला राहतो, पोट फुटतं. उकळतं पाणीही नाही.

शेवटी हेअर ड्रायरने फक्त डोकं अर्धा मिनिट तापवा. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात. अंधारात तो ऊब पाहतो. उंदीर आसपासच्या हवेपेक्षा ठळक गरम, ३८-४० अंशांच्या आसपास, असला तरच त्याला तो जिवंत वाटतो. खोलीच्या तापमानाचा उंदीर त्याच्या दृष्टीने दगड.

तपासा: कोरडा, मऊ, डोकं धडापेक्षा गरम. तिन्ही जमलं तरच पेटीकडे जा.

## पायरी ७: देण्याची पद्धत

वेळ अंधार पडल्यावरची, पेटीतले दिवे बंद करून तासाभराने. खोलीत एकच माणूस. व्हिडिओ काढणारं कुणी नको.

साप ढोलीतून तोंड बाहेर काढून बसला असेल तर उत्तम, तो त्याच्या शिकारीचा पवित्रा. ढोली उचलून त्याला उघडं पाडू नका.

निदान ३० सेंटीमीटर लांब चिमट्याने उंदीर खांद्यामागे धरा. बाजूने आणा, वरून नाही. वरून येतं ते शिकारी पक्ष्यासारखं वाटतं. तोंडापासून वीतभर अंतरावर थांबा. किंचित हलवा, थांबवा. नाकावर आपटू नका, पाठलाग करू नका.

आता सापाकडे बघा. जीभ भराभर बाहेर येते, डोकं उंदराच्या मागे वळतं, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे आवळते: हात स्थिर ठेवा, झेप येणार. डोकं मागे ओढलं, वेटोळ्यात लपवलं, फुत्कारलं: घाबरला आहे, चिमटा मागे घ्या.

झेप घेऊन विळखा घातला की चिमटा सोडा आणि पुतळ्यासारखे उभे राहा. इथे बरेच जण आनंदाने ओरडतात, दिवा लावतात, आणि साप घेतलेला घास टाकून देतो. दहा-पंधरा मिनिटं हालचाल नको.

पाच मिनिटांत रस दाखवला नाही तर एकदाच डोकं पुन्हा तापवून प्रयत्न करा. तरी नाही म्हणाला तर उंदीर ढोलीच्या तोंडाशी, भुसा चिकटू नये म्हणून कागदावर ठेवा, दार लावा, झोपायला जा. बुजरे साप पहाटे गुपचूप खातात. सकाळी तसाच असेल तर टाकून द्या. पुन्हा गोठवू नका.

सावधान: दुसऱ्या दिवशी परत नाही. पिल्लाला सात दिवस, प्रौढाला चौदा दिवस थांबा. रोज समोर धरलेला उंदीर सापाला त्रास वाटायला लागतो, आणि मग खरी भूक लागली तरी तो मागे सरतो. सगळ्या चुकांमध्ये मी हिला पहिला नंबर देते.

### नाकारलंच तर: एका वेळी एकच बदल

दोन नीट प्रयत्न फसले तर बदल करा, पण प्रत्येक प्रयत्नात एकच. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने जमलं ते कळणार नाही. मी हा क्रम पाळते.

आणखी लहान उंदीर. मग जात बदलणं: रॅट नाकारत असेल तर माऊस, माऊस नाकारत असेल तर लहान रॅट. साप माऊसवर वाढलेला असेल तर रॅटला माऊसच्या वापरलेल्या भुशात घोळवून द्या. वासाने पुष्कळदा काम होतं. मग आडोसा: पेटीच्या आतच, गरम बाजूला, हवेची भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात साप आणि उंदीर रात्रभर. फक्त जेवणासाठी पेटीबाहेर वेगळ्या टबात नेऊ नका, त्या हलवण्यानेच भूक मरते.

शेवटचा उपाय म्हणजे उंदराच्या कवटीला सुईने छिद्र पाडणं. आतल्या वासाने हटून बसलेले साप खातात. मला हे करताना आजही जड जातं, पण उंदीर मेलेला आहे आणि साप उपाशी आहे, हे मनाशी म्हणते आणि करते.

जिवंत उंदीर सोडू नका. घाबरलेला रॅट चावतो. भूक नसलेला साप प्रतिकारही करत नाही. पाठीचं मांस कुरतडलेला साप मी पाहिला आहे, आणि ते त्या रॅटच्याही दृष्टीने क्रूर आहे.

जबरदस्तीने तोंडात कोंबणं तर मुळीच नाही. तोंडाची आतली त्वचा फाटते, दात तुटतात, साप ओकतो आणि पुढचे कित्येक आठवडे तुमच्या हाताची धास्ती घेतो. नळीने अन्न द्यायची वेळ आलीच तर ते काम डॉक्टरांचं.

## पायरी ८: डॉक्टरांकडे जाताना

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव आहे का, हे फोनवरच विचारा. हा शोध साप ठणठणीत असतानाच करून नंबर वहीत लिहून ठेवावा.

सोबत न्या: वही, पेटीचे आणि थर्मामीटरचे फोटो, ताजी विष्ठा मिळाली तर बंद डबीत. साप उशीच्या सुती अभ्र्यात घालून तोंड बांधा, अभ्रा थर्माकोलच्या खोक्यात, शेजारी टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. खोक्याला हवेची भोकं हवीत.

डॉक्टर विष्ठेत जंत तपासतील, तोंडातला स्वॅब घेतील, गरज पडली तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी करतील. बॉल पायथनमध्ये श्वसनाला त्रास देणारा निडोव्हायरस आढळतो, त्याची चाचणी स्वॅबवरून होते. तुम्हीच विषय काढा. घरात आणखी साप असतील तर निदान होईपर्यंत आजारी सापाची पेटी वेगळ्या खोलीत ठेवा, आणि साफसफाई नेहमी निरोगी सापापासून सुरू करून त्याच्याकडे शेवटी जा.

## पायरी ९: उपास सुटल्यावर

पहिला घास गेला की सगळ्यांना त्याला हातात घ्यावंसं वाटतं. ४८ तास नाही. जेवण मोठं असेल तर ७२. दिवा, तापमान, ढोली काही बदलू नका.

दीर्घ उपासानंतर भरपाई म्हणून मोठा उंदीर देऊ नका. शरीर हळूहळू पचनाकडे वळतं. एकदम भार टाकला तर साप ओकतो, आणि फार खंगलेल्या सापाच्या रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. पहिली तीन जेवणं निम्म्या आकाराची, सात ते दहा दिवसांच्या अंतराने. चौथ्यापासून नेहमीचा आकार.

ओकलाच तर पेटी साफ करा, तापमान पुन्हा तपासा आणि दोन आठवडे फक्त पाणी. त्यानंतर आधीच्या निम्म्या वजनाचा उंदीर. दुसऱ्यांदा ओकला तर डॉक्टर, त्याच आठवड्यात.

वहीत ज्या दिवशी खाल्लं त्या ओळीवर खूण करा आणि त्या दिवशीचं तापमान, वेळ, उंदराचं वजन, डोकं तापवलं होतं की नाही, उंदीर हातून घेतला की रात्री ठेवलेला खाल्ला, हे सगळं लिहा. पुढच्या नोव्हेंबरमध्ये तीच ओळ उघडायची आहे.